पहिला क्रमांक कोणाचा?
(अमेरिकन बेसबॉलमधील 'ड्राफ्ट' पद्धतीचा एक अभ्यास)

गल्लीतल्या क्रिकेटचा एक अलिखित नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात, नाणेफेक होते आणि मग आळीपाळीने एकेक भिडू मागून घेतला जातो. ज्याला पहिल्यांदा मागितले जाते त्याची मान आपोआप ताठ होते. जो शेवटपर्यंत उरतो तो मुकाट्याने मिळेल त्या बाजूला जातो आणि फारच लहान असेल तर 'कच्चा लिंबू' ठरतो. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या क्षेत्रात दरवर्षी नेमके हेच घडते. फरक इतकाच की तेथे भिडू मागणारे कप्तान नसून कोट्यवधी डॉलरची उलाढाल करणारे तीस क्लब असतात, आणि मागून घेतली जाणारी मुले शाळेतून किंवा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडत असतात. या पद्धतीला तेथे 'ड्राफ्ट' म्हणतात.

बेसबॉल हा आपल्या मातीतला खेळ नव्हे. तरीही या विषयाकडे मी वळलो याचे कारण खेळापेक्षा त्यातील क्रमांकात आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे एक आकडा लिहायचा आणि मग आयुष्यभर त्या आकड्याच्या मापाने त्याला मोजायचे, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. एके काळी आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रांतून छापून येत असे. त्या यादीतील मुलांचे पुढे काय झाले, याचा हिशेब सहसा कोणी ठेवला नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये मात्र तो हिशेब १९६५ पासून वर्षानुवर्षे, नावानिशी ठेवला गेला आहे. म्हणूनच पहिल्या क्रमांकाचा खरा अर्थ काय, हे तपासायला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण.

पद्धतीचा जन्म

१९६५ पूर्वी तेथील क्लबांना कोणताही होतकरू खेळाडू थेट करारबद्ध करता येत असे. गावोगावी फिरून मुले हेरणारे 'स्काउट' प्रत्येक क्लबाच्या पदरी असत. एखाद्या मुलाच्या घरी एकाच वेळी अनेक क्लबांची माणसे खेपा घालीत आणि सहीसाठी जो जास्त रक्कम देईल त्याच्याकडे तो मुलगा जाई. साहजिकच श्रीमंत क्लबांचे फावत असे. न्यूयॉर्क यांकीज या क्लबाने १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत आपल्या लीगचे विजेतेपद चौदा वेळा मिळवले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

या रकमांना आळा घालण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. १९५० नंतरच्या दशकात असा एक नियम होता की ज्या मुलाला ४,००० डॉलरहून अधिक रक्कम दिली असेल त्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवले पाहिजे. हेतू असा की महागडा पण कच्चा मुलगा संघात अडकून पडेल आणि क्लब आपोआप हात आखडता घेतील. सँडी कूफॅक्स हा पुढे महान ठरलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, याच नियमामुळे १९५५ साली एकोणिसाव्या वर्षी मुख्य संघात येऊन बसला. खालच्या पातळीवर शिकण्याची संधी त्याला मिळालीच नाही आणि त्याची पहिली सहा वर्षे जेमतेमच गेली.

रकमा मात्र वाढतच राहिल्या. १९६४ साली रिक रायकार्ट या कॉलेजच्या खेळाडूला लॉस एंजेलिसच्या एंजल्स क्लबाने २,०५,००० डॉलर दिले, तेव्हा मालकांचा धीर सुटला. जून १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिला ड्राफ्ट भरला. त्याचा नियम सोपा होता. आदल्या वर्षी जो संघ तळाला असेल त्याने प्रथम निवड करायची, मग त्याच्या वरच्याने, आणि अशा फेऱ्या होत राहायच्या. ज्या मुलाला ज्या क्लबाने निवडले त्याने फक्त त्याच क्लबाशी बोलणी करायची. पटले तर सही, नाही पटले तर पुढच्या ड्राफ्टची वाट पाहायची.

या योजनेचे समर्थन 'दुबळ्याला प्रथम संधी' या तत्त्वावर केले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या ड्राफ्टमधील पहिल्या खेळाडूला मिळालेली रक्कम सुमारे एक लाख डॉलर होती, म्हणजे आदल्या वर्षी रायकार्टला मिळालेल्या रकमेच्या जवळजवळ निम्मी. रायकार्टचा आकडा ओलांडला जायला पुढे दहा वर्षांहून अधिक काळ लागला. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात विक्रेत्याचे काय होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थीही सांगेल. येथे विक्रेता हा अठरा वर्षांचा मुलगा होता आणि विकावयाची वस्तू त्याचा स्वतःचा हात होता.

पहिली यादी

त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव पुकारले गेले ते रिक मंडे याचे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या या खेळाडूला कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सने निवडले. निवड वाईट मुळीच नव्हती. मंडे एकोणीस हंगाम खेळला आणि त्याने २४१ होमरन मारले. १९७६ साली लॉस एंजेलिसच्या मैदानात दोन माणसे राष्ट्रध्वज जाळू पाहत असताना धावत जाऊन तो हिसकावून घेणारा खेळाडू म्हणूनही अमेरिकन लोक त्याला ओळखतात.

परंतु त्याच यादीत थोडे खाली पाहिले तर गंमत दिसते. सिनसिनाटी रेड्सने पहिल्या फेरीत बर्नी कार्बो याला निवडले आणि दुसऱ्या फेरीत, एकूण छत्तिसाव्या क्रमांकावर, जॉनी बेंच याला. बेंच हा बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ कॅचरांपैकी एक ठरला. त्याहून खाली, बाराव्या फेरीत २९५ व्या क्रमांकावर, न्यूयॉर्क मेट्सने टेक्सासच्या एका किडकिडीत मुलाला घेतले. त्याचे नाव नोलन रायन. हा रायन पुढे सत्तावीस हंगाम खेळला. त्याने ५,७१४ फलंदाजांना 'स्ट्राइक आउट' केले आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. म्हणजे ज्याच्या चेंडूच्या वेगाला पुढे सारी अमेरिका नमली, त्याच्या आधी २९४ मुले निवडण्यायोग्य ठरली होती!

दुबळ्या संघाचा फायदा झाला का? काही अंशी निश्चित झाला. ॲथलेटिक्सने १९६५ मध्ये मंडेबरोबर सॅल बँडो व जीन टेनस आणि १९६६ मध्ये रेजी जॅक्सन असे खेळाडू मिळवले. १९६८ मध्ये ओकलंडला गेलेल्या याच क्लबाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे 'वर्ल्ड सिरीज' जिंकली. उलट १९६५ ते १९७५ या काळात यांकीजना लीगचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही. याचे सर्व श्रेय ड्राफ्टला देता येणार नाही, कारण निवडलेली मुले तयार व्हायला काही वर्षे लागतात आणि यांकीजची घसरण तर लगेचच सुरू झाली होती. तरीही बळी तो कान पिळी हा न्याय काहीसा सैल झाला, एवढे मान्य करावे लागेल.

तीन पहिले

आता पहिल्या क्रमांकाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू.

१९६६ साली पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्सची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट या शाळकरी कॅचरला निवडले. दुसरी पाळी ॲथलेटिक्सची. त्यांनी रेजी जॅक्सन याला घेतले. जॅक्सनने पुढे ५६३ होमरन मारले. चिलकॉटचा खांदा १९६७ मध्ये दुखावला आणि तो मेजर लीगचा एकही सामना न खेळता निवृत्त झाला. मेट्सनी जॅक्सनला का वगळले, याविषयी मतभेद आहेत. आपल्याला कॅचरची गरज होती, असे क्लबाचे म्हणणे. आपण कृष्णवर्णीय असून आपली मैत्रीण तशी नव्हती, ही गोष्ट क्लबाला खटकली, असे जॅक्सनचे म्हणणे. यांतले खरे कोणतेही असो, एक गोष्ट दोन्हींत समान आहे. चिलकॉटचा पहिला क्रमांक आणि जॅक्सनचा दुसरा, हे क्रमांक केवळ त्या दोघांच्या खेळाने ठरले नव्हते.

दुसरे उदाहरण डेव्हिड क्लाइडचे. मला हे सर्वांत अधिक विचार करायला लावणारे वाटते. १९७३ साली टेक्सास रेंजर्सने ह्यूस्टनच्या या अठरा वर्षांच्या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडले. क्लब नुकताच वॉशिंग्टनहून टेक्सासला आला होता, हरत होता आणि मैदान रिकामे राहत होते. नव्या मुलाला प्रथम मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, दोन-तीन वर्षे तयार करण्याची रीत होती. पण मालकाने त्याला शाळा सुटल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत, २७ जून १९७३ रोजी, थेट मुख्य संघातून उतरवले. त्या मैदानाच्या इतिहासात प्रथमच सारी तिकिटे खपली. पस्तीस हजारांवर प्रेक्षक आले. क्लाइडने पाच इनिंग्ज टाकल्या, एकच हिट दिली, आठ जणांना स्ट्राइक आउट केले आणि सामना जिंकला. दोन सामन्यांनंतर त्याला खाली शिकायला पाठवायचे, असा बेत होता. पण तिकीटखिडकीसमोरची रांग पाहून तो बेत मागे पडला. पुढे त्याचा खांदा गेला. १९७९ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. अठरा विजय आणि तेहतीस पराभव, हा त्याचा एकूण हिशेब. त्या काळी खेळाडूला पेन्शन मिळण्यासाठी चार वर्षांची सेवा लागे. क्लाइडची सेवा सदतीस दिवसांनी कमी भरली.

त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावर रॉबिन याउंट आणि चौथ्या क्रमांकावर डेव्ह विनफील्ड निवडले गेले होते. दोघेही पुढे कूपर्सटाउन येथील 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या दालनात, पोहोचले. विनफील्डही मायनर लीगमध्ये न खेळता थेट मुख्य संघात आला होता. तेव्हा थेट उतरवणे हेच घातक असते, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पण विनफील्ड कॉलेज करून आलेला एकवीस वर्षांचा तरुण होता आणि फलंदाज होता. क्लाइड अठरा वर्षांचा होता आणि त्याचा रोजचा व्यवहार खांद्याशी होता. तो निर्णय घेताना खांद्याचा विचार कमी आणि गल्ल्याचा अधिक झाला, असे म्हणावे लागते.

तिसरा ब्रायन टेलर. १९९१ साली यांकीजनी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील या डावखुऱ्या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलर दिले. ड्राफ्टच्या इतिहासातील ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. डिसेंबर १९९३ मध्ये एका भांडणात भावाची बाजू घेऊन पडताना त्याचा चेंडू टाकण्याचाच खांदा निखळला. नंतर काही वर्षे तो मायनर लीगमध्ये धडपडत राहिला, पण मेजर लीगचा उंबरठा त्याने ओलांडला नाही.

पहिला आणि तेराशे नव्वदावा

निराशेचीच उदाहरणे दिली तर चित्र एकांगी होईल. १९८७ साली सिअॅटल मरिनर्सने सतरा वर्षांच्या केन ग्रिफी ज्युनियरला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याने ६३० होमरन मारले. याच ग्रिफीचे वडीलही नामवंत खेळाडू होते. १९६९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर लागला होता तो एकोणतिसाव्या फेरीत! १९९० साली बापलेक एकाच संघातून खेळले आणि सप्टेंबरमधील एका सामन्यात दोघांनी लागोपाठ होमरन मारले. मैदानावर त्या क्षणी एकोणतिसावी फेरी कोणती आणि पहिला क्रमांक कोणता, हे कोणाला ओळखता आले असते?

२०१६ साली ग्रिफी हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. ४४० पैकी ४३७ मते त्याला मिळाली. ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, म्हणजे त्याला एकावन्न वर्षे लागली. त्याच समारंभात त्याच्या शेजारी बसलेला दुसरा मानकरी होता माइक पियाझा. पियाझा १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, एकूण १,३९० व्या क्रमांकावर निवडला गेला होता. लॉस एंजेलिस डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांची पियाझाच्या वडिलांशी मैत्री होती. त्या मैत्रीखातर त्याचे नाव यादीच्या तळाशी घातले गेले. मग तो कॅचरचे काम शिकण्यासाठी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जाऊन राहिला. कॅचर म्हणून त्याने मारलेले ३९६ होमरन हा विक्रम आहे.

योगायोगाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९० साली अटलांटा ब्रेव्हजची पहिली पाळी होती आणि त्यांच्या मनात टॉड व्हॅन पॉपेल हा पिचर होता. आपण तुमच्याशी करार करणार नाही, असे त्याने कळवल्यामुळे त्यांनी चिपर जोन्सला घेतले. जोन्स एकोणीस हंगाम त्यांच्याकडेच खेळला आणि २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. व्हॅन पॉपेलच्या नावावर चाळीस विजय आणि बावन्न पराभव राहिले. दुसऱ्याच्या नकारातून मिळालेला पहिला क्रमांक असा सोन्याचा ठरला.

हिशेब

आता सारा हिशेब एकत्र मांडू. १९६५ ते २०१० या काळात जूनचे सेहेचाळीस ड्राफ्ट झाले. डॅनी गुडविन हा एकटाच खेळाडू दोन वेळा पहिला आला. १९७१ साली त्याने करार नाकारून कॉलेजात जाणे पसंत केले आणि १९७५ मध्ये तो पुन्हा पहिला निवडला गेला. म्हणून माणसे मोजली तर पंचेचाळीस. त्यांपैकी त्रेचाळीस जण मेजर लीगपर्यंत पोहोचले. चिलकॉट आणि टेलर हे दोघे पोहोचले नाहीत. पंचेचाळिसांपैकी हॉल ऑफ फेममध्ये आजवर चौघे गेले: ग्रिफी, जोन्स, हॅरोल्ड बेन्स आणि जो मावर.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, निवड करणारे आंधळे नसतात. पंचेचाळिसांतील त्रेचाळीस जणांनी उंबरठा गाठला, हे प्रमाण लहान नाही. दुसरी, 'चांगला' आणि 'असामान्य' यांतला भेद त्यांना अठराव्या वर्षी सांगता येत नाही. २००९ साली एंजल्सच्या हाती लागोपाठ दोन निवडी होत्या, चोविसावी आणि पंचविसावी. त्यांनी आधी रँडल ग्रिचुकला घेतले आणि मग माइक ट्राउटला. ट्राउट पुढे तीन वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे ज्यांनी त्याला शोधले त्यांनासुद्धा तो आपल्या दोन मुलांपैकी दुसराच वाटला होता.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पहिल्या क्रमांकाचे त्रेचाळीस जण वर पोहोचले ते केवळ गुणांमुळे काय? ज्याच्यावर क्लबाने लाखो डॉलर खर्च केले त्याला पुन्हा पुन्हा संधी दिली जाते. बासष्टाव्या फेरीतल्या मुलाला एका वाईट हंगामानंतर घरी पाठवले तरी कोणाचे काही बिघडत नाही. तेव्हा क्रमांक हा भविष्य वर्तवतो तसा काही प्रमाणात ते घडवतोही. पियाझाला वर येता आले त्यामागे त्याची जिद्द होती, तशी वडिलांची ओळखही होती. ज्यांची अशी ओळख नव्हती अशा किती जणांची नावे यादीच्या तळाशी विरून गेली असतील, ते कोणत्याही विक्रमांच्या पुस्तकात सापडणार नाही. ड्राफ्टच्या फेऱ्याही आता कमी झाल्या आहेत. २०११ पर्यंत पन्नास फेऱ्या होत, नंतर चाळीस झाल्या आणि २०२१ पासून वीस. आज बासष्टावी फेरीच उरलेली नाही.

२०१३ साली ह्यूस्टन ॲस्ट्रोजने मार्क अपेल या पिचरला पहिल्या क्रमांकावर घेतले. दुसऱ्या क्रमांकाच्या क्रिस ब्रायंटने २०१६ मध्ये शिकागो कब्जला १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. अपेल मात्र दुखापतींनी आणि अपयशाने खचून २०१८ मध्ये खेळापासून दूर झाला. २०२१ मध्ये तो परतला आणि २९ जून २०२२ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगचा पहिला सामना खेळला. त्या हंगामात त्याला थोडेच सामने मिळाले आणि त्यांत त्याने चांगली कामगिरी केली. पहिल्या क्रमांकाच्या मापाने पाहिले तर हे अपयशच. नऊ वर्षे 'वाया गेलेला पहिला' असे ऐकून घेऊनही पुन्हा चेंडू हाती घेणाऱ्या माणसाच्या मापाने पाहिले तर मी याला अपयश म्हणणार नाही.

आपल्याकडील एक दाखला

ड्राफ्ट आपल्याकडेही एकदा गाजला. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या वर्षी मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला. पण एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांना ठराविक मानधनावर ड्राफ्टने वाटून घेण्यात आले. दिल्लीच्या क्लबाने त्या विजयी संघाचा कप्तान आणि दिल्लीचाच मुलगा विराट कोहली याला सोडून प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला निवडले. त्यांच्याकडे सेहवाग आणि गंभीर होते. फलंदाजाची त्यांना निकड नव्हती. कोहली बंगळूरला गेला. मेट्सना कॅचर हवा होता, दिल्लीला गोलंदाज हवा होता. निवडीचा क्रमांक हा बहुतेक वेळा निवडणाऱ्याच्या गरजेचा क्रमांक असतो, तो असा.

या अभ्यासातून मी काढलेला निष्कर्ष थोडक्यात सांगतो. ड्राफ्टचा पहिला क्रमांक खेळाडूच्या नावापुढे लिहिला जातो, पण तो असतो निवडणाऱ्याचा. त्याच्या अंदाजाचा, त्याच्या गरजेचा, त्याच्या ऐपतीचा आणि कधी त्याच्या पूर्वग्रहाचाही. अंदाज चुकला तर लोक म्हणतात, "हा मुलगा वाया गेला." अंदाज ज्याचा चुकला त्याचे नाव कोणाला आठवत नाही. क्लाइडला त्या जूनमध्ये मैदानात कोणी उतरवले, हे विसरले गेले. क्लाइड 'फसलेला पहिला' म्हणून लक्षात राहिला.

तेव्हा यादी करणे टाळता येत नसेल तर निदान दोन पथ्ये पाळावीत, असे मला वाटते. वरच्या क्रमांकाच्या मुलाला पिकण्यासाठी वेळ द्यावा आणि खालच्या क्रमांकाच्या मुलासाठी दार उघडे ठेवावे. ग्रिफीला वेळ मिळाला, पियाझाला दार उघडे मिळाले, म्हणून त्या दिवशी कूपर्सटाउनच्या व्यासपीठावर पहिला आणि तेराशे नव्वदावा यांच्या खुर्च्या एका रांगेत होत्या.